घर घेतले, पण आपले झाले का?

राळेगावला घर घ्यायचे म्हणून आमचे थोरले मेहुणे निवृत्तीची सारी पुंजी घेऊन निघाले. इसार दिला आणि विकणाऱ्याने सुचविलेल्याच वकिलांकडे कागद सोपविले. "फेरफार झाला की घर आपले!" ही त्यांची समजूत. वाचकहो, तुमचीही असेल तर सोडा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीचे घर विकत मिळते ते नोंदलेल्या खरेदीखतानेच. इसारपावती हे नुसते वचन; फेरफार ही महसुलाची नोंद. कुलमुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्टच सांगितले.

मुंबईकरांचा सॉलिसिटर, आमचे वकीलसाहेब! मी म्हटले, "भाऊजी, विकणाऱ्याचा वकील तो त्याचा. आपला वेगळा करा." फी ऐकून ते दचकले. (मुलीच्या लग्नात आचाऱ्याला मात्र घासाघीस न करता पैसे मोजले होते!) नव्या वकिलांना मी एवढेच विचारले, शोध किती वर्षांचा घेणार आणि अभिप्राय लेखी देणार ना?

"तीस वर्षांचा. आणि लेखीच."

शोधात निघाले की घर अजून विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांच्याच नावावर आहे. त्यांच्याच कमाईचे, मृत्युपत्र नाही. वकिलांनी वारस विचारले, तेव्हा कुठे लग्न झालेल्या दोन बहिणींची नावे बाहेर आली! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांचाही भावाइतकाच वाटा. त्यांच्या सह्या नसत्या, तर भाऊजींची पुंजी कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली असती.

थोरलीने संमती दिली आहे. धाकटी म्हणते, भाऊबीजेला येईन, मग बघू. तोवर भाऊजींची दिवाळी भाड्याच्या घरात.