दुसऱ्याच्या मनातले कसे ओळखावे?

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या घरच्यांनी त्यांचा सर्जा बैल बाजारात विकला. (मित्राचे नाव लिहीत नाही. वर्गाला ठाऊकच आहे.) बैलाचे पैसे आले की सायकल घेणार, असे त्यानेच मला सांगितले होते. म्हणून शाळेत आल्या आल्या मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटले, "काय राव, मजा आहे तुझी! सायकल कधी?" तो काही बोलला नाही. दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसला. चार दिवस आमचे बोलणे बंद.

मला रागच आला. मी तर चांगलेच बोललो होतो! आजीला सांगितले तर ती म्हणाली, "अरे, आपलं दुकान. तुझ्या दारात बैल कुठंय? तुला सायकलच दिसणार." ते तेव्हा मला पटले नाही.

मग गुरुजींनी एक प्रयोग सांगितला. तो १९९७ साली अमेरिकेतील बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गोपनिक या दोन संशोधक बाईंनी प्रसिद्ध केला. त्यांनी चौदा आणि अठरा महिन्यांची बाळे घेतली. समोर दोन वाट्या. एकीत खारी बिस्किटे, दुसरीत ब्रोकोली. ब्रोकोली म्हणजे फ्लॉवरसारखी हिरवी भाजी, तीही कच्ची. बाळांना अर्थात बिस्किटेच आवडली. पण बाईंनी बिस्किट खाऊन तोंड वाकडे केले आणि भाजी खाऊन "वा!" म्हटले. मग हात पुढे करून बाळाकडे खाऊ मागितला. चौदा महिन्यांच्या बाळांनी बहुतेक बिस्किटच दिले. आपल्याला आवडते ते बाईंनाही आवडणारच! अठरा महिन्यांच्या बाळांनी मात्र भाजी दिली. फक्त चार महिन्यांचा फरक, बरं का. आणि मी सातवीत असून मित्राच्या हातावर बिस्किटच ठेवले.

खरे म्हणजे असे अंदाज आपण रोज बांधतो. बाबा उधारी मागायला जाऊन रिकाम्या हाताने परत आले, की आई आधी पाणी देते, मग चहा. सहलीच्या पैशांचे नाव दुसऱ्या दिवशी काढायचे, असे मला खुणेने सांगते. एका भावनेमागून कोणती भावना येते, हे तिला माहीत असते. मार्क थॉर्नटन आणि डायना तामीर या संशोधकांनी २०१७ साली हेच तपासले. रागानंतर काय वाटेल, आनंदानंतर काय, असे लोकांना विचारले. लोकांनी स्वतःच्या भावनांच्या वेळोवेळी केलेल्या नोंदींशी ते ताडून पाहिले. अंदाज बरेच जुळले. आईला हे कोणी शिकवले नव्हते.

पण सर्जाच्या बाबतीत नुसता अंदाज पुरला नसता. लहानपणापासून त्याला पाण्यावर नेणारा, पोळ्याला त्याची शिंगे रंगवणारा माझा मित्रच होता. हे मला पाचव्या दिवशी कळले. मी एवढेच विचारले, "सर्जा कोणत्या गावाला गेला रे?" मग सगळी मधली सुट्टी तोच बोलत होता. मधे एकदा रडलाही.

सायकल मागच्या आठवड्यात आली. लाल आहे. हँडलला त्याने सर्जाच्या घुंगरमाळेतले एक घुंगरू बांधले आहे. हे काही माझ्या अंदाजात नव्हते.