हुला पाहावा तो हिलोत

हवाईला जाणारा प्रवासी बहुधा होनोलुलूच्या हॉटेलात जेवता जेवता हुला पाहतो आणि परततो. पण या नृत्याची खरी पंढरी आहे हिलो, हवाईतल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं पावसाळी गाव. ईस्टरच्या रविवारपासून आठवडाभर इथे 'मेरी मोनार्क' महोत्सव भरतो.

मे १९६०मध्ये चिलीतल्या भूकंपाने उसळलेली त्सुनामी हिलोवर आदळली. ६१ माणसं गेली, किनाऱ्यालगतची वस्ती वाहून गेली. गाव पुन्हा उभं राहावं, पाहुणे यावेत म्हणून १९६४मध्ये हा महोत्सव सुरू झाला. त्याला नाव दिलं ते राजा कालाकाउआचं टोपणनाव. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८३०मध्ये जाहीर हुलावर बंदी आली होती. या राजाने १८८३मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकातच हुला सन्मानाने नाचवला. त्याआधी १८८१च्या जगप्रवासात तो कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता.

स्पर्धा १९७१पासून होते. शुक्रवारची रात्र 'काहिको'ची, म्हणजे प्राचीन हुलाची. गुरू बैठक मारून बसतात. दोन भोपळे जोडून केलेला 'इपू हेके' जमिनीवर आपटायचा, लगेच त्याच्या अंगावर तळहाताची थाप द्यायची आणि खड्या आवाजात ज्वालामुखीची देवी पेलेची, राजांची स्तवनं म्हणायची. त्या ठेक्यावर रांगेतली सगळी पावलं एकदम पडतात, तेव्हा अंगावर काटा येतो. शनिवारी उकुलेले आणि गिटारच्या साथीने आधुनिक 'आउआना'. तोही गोड, पण माझं मत काहिकोलाच.

खाण्यात आपल्याला ओळखीचं काही भेटतं ते अळू. त्याचा शिजवलेला कंद लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटत, पाणी घालत गुळगुळीत केला की झाली 'पोई'. रंग जांभळट-करडा. ती बोटांनी चाटून खातात. एक-दोन दिवस ठेवली की आंबते आणि जाणकारांना तशीच आवडते. अळूच्या पानांत डुकराचं मांस गुंडाळून वाफवलं की 'लाउलाउ'. शाकाहारी माणसाने पोईनंतर नारळाच्या दुधाच्या थंडगार 'हाउपिया' वड्या जरूर खाव्यात.

स्पर्धेची तिकिटं मिळणं फार कठीण. मात्र बुधवारी 'होइके' हा नृत्याचा कार्यक्रम असतो आणि शनिवारी सकाळी मिरवणूक, ती विनामूल्य. तेवढ्यासाठीही हिलो गाठावं. राहण्याची सोय मात्र कित्येक महिने आधी करून ठेवा.