जोडभिंगानें शिक्क्यांचीं व मोडी अक्षरांचीं चित्रें

१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यांत मोडणाऱ्या नंदुरबार भागांत जुने कागद पाहूं जाणाऱ्यास एक अडचण हटकून येते. मालक कागद दाखवितात, परंतु घराबाहेर नेऊं देत नाहींत. आणि त्यांस दोष देतां येत नाहीं, कारण नेलेले कागद परत न आल्याचीं उदाहरणें वाचकांस ठाऊक आहेतच. तेव्हां टिपावयाचें तें ओसरीवर, मिळेल त्या उजेडांत, एका बैठकींत टिपावें लागतें.

पूर्ण पत्राचें चित्र कोणताही कॅमेरा देतो. अडतें तें शिक्क्यापाशीं व झिजलेल्या अक्षरापाशीं. दुरून घेतलेल्या एका चित्रावरून आम्हीं शुहूर सनांतील ‘सबा’ हें पद ‘समान’ असें वाचिलें. साताचे आठ झाले व पत्र वर्षभर पुढें सरकलें. मूळ पुन्हां पाहावयास मिळालें म्हणूनच चूक उमगली.

यावर स्वस्त उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगापुढें आट्यांवर फिरवून बसविण्याचें जोडभिंग. बाजारांत त्यास क्लोज-अप फिल्टर म्हणतात. वास्तविक त्यांत गाळण्याजोगें कांहीं नसतें, तें चाळिशीच्या चष्म्यासारखें बहिर्गोल भिंग होय. त्यावरील +१, +२, +४ हे आंकडे डायॉप्टरचे. १००० ला त्या आंकड्यानें भागिलें कीं अंतर मिलिमीटरांत निघतें. मूळ भिंग अनंतावर ठेविलें असतां +२ नें ५०० व +४ नें २५० मि. मी. वरील वस्तु स्पष्ट दिसते.

मूळ भिंग बदललें तरी हें अंतर बदलत नाहीं. बदलतो तो प्रतिमेचा आकार, आणि बहुतेकांचा घोटाळा येथेंच होतो. ५० मि. मी. च्या भिंगास +४ लाविल्यास वस्तु एकपंचमांश उमटते. ३६ × २४ च्या चौकटींत १८० × १२० मि. मी. कागद येतो व शिक्का एका कोपऱ्यांत राहतो. तेंच जोडभिंग २०० मि. मी. च्या भिंगास लाविलें तर अवघा ४५ × ३० मि. मी. भाग येऊन शिक्का चौकट भरून टाकतो. सबब जोडभिंग घ्यावें तें लांब भिंगाच्या मापाचें.

लांबनळी वापरिल्यास उजेड घटतो, तसा यांत घटत नाहीं. ओसरीवर ही सोय मोठी. मात्र एकेरी कांच कडांस अस्पष्ट असते व अक्षरांभोंवतीं रंगाची किनार सोडते. छिद्र एफ ८ ते ११ ठेविल्यास हा दोष बराच कमी होतो. दोन कांचा एकत्र करून किनार घालविलेलें जोडभिंग महाग पडतें, तरी आमच्या मतें तेंच घ्यावें. स्वतंत्र मॅक्रो भिंगाहून तें स्वस्तच असतें.

कॅमेरा तिकाटण्यावर, कागदास समांतर असावा. शाईच्या शिक्क्यास सम उजेड पुरतो. लाखेची मोहोर किंवा ताम्रपट यांस मात्र एका बाजूनें तिरपा उजेड द्यावा, म्हणजे खांच व उठाव दिसतात. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. चित्राची एक प्रत मालकास द्यावी. त्यांची अनुमति असल्यास दुसरी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे पाठवावी.