निबंधवजा उत्तरांची पारख

परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर त्याची चर्चा सुरू होते. ज्या मुलाला शंभरांत ६२ गुण मिळाले तो ५५ गुण मिळविणाऱ्या मुलापेक्षां हुशार, असें घरचीं वडील माणसें धरून चालतात. आणि उत्तीर्ण होण्यास दोन गुण कमी पडले तर तेवढ्यावरून एखाद्याचें सबंध वर्ष वायां जाऊं शकतें. गुण म्हणजे सराफाच्या तराजूनें केलेलें वजनच होय, अशी या साऱ्यामागची समजूत असते. बेरीज-वजाबाकीच्या उदाहरणांपुरती ही समजूत बरीचशी खरी आहे. परंतु इतिहास, भाषा, अर्थशास्त्र अशा विषयांत विद्यार्थी दोन-तीन पानांचें सलग उत्तर लिहितो, तेव्हां त्याचें वजन करणारा तराजू म्हणजे दुसऱ्या एका मनुष्याचें मन असतें. तें मन कितपत स्थिर राहतें, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार सव्वाशेंहून अधिक वर्षें चालू आहे.

लेखी परीक्षेचा शाळांतील प्रसार मुख्यतः एकोणिसाव्या शतकांतला. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या शाळांत १८४५ सालीं तोंडी परीक्षेऐवजीं लेखी उत्तरें घेण्यांत आलीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. सर्वांना एकच प्रश्न आणि सारखाच वेळ, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. तोंडी परीक्षेंत एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड प्रश्न जाण्याचा संभव असे, तो यामुळें टळला. मात्र प्रश्न एक झाला तरी उत्तर वाचणारा एक झाला नाहीं. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनीं १८८८ सालींच परीक्षेच्या गुणांतील या अनिश्चिततेचें गणित मांडलें होतें.

अमेरिकेंत स्टार्च व एलियट या दोघांनीं १९१२ सालीं इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती निरनिराळ्या शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यास पाठविल्या. त्यांपैकीं एका उत्तरपत्रिकेस कोणी ६४ गुण दिले, तर कोणी ९८. भाषेचा विषय म्हटला कीं मतभेद व्हायचेच, असें कोणी म्हणेल. म्हणून पुढच्याच वर्षीं त्यांनीं भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तेथें तर सर्वांत कमी गुण २८ आणि सर्वांत जास्त ९० च्याही वर निघाले! कोणी नुसतें अखेरचें उत्तर पाहिलें, कोणी रीत पाहिली, तर कोणी टापटीप नसल्याबद्दल गुण कापले.

याहून विचार करावयास लावणारा प्रयोग फिलिप हार्टोग यांच्या पुढाकारानें इंग्लंडांत झाला. हे हार्टोग ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु आणि हिंदुस्थानांतील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२८-२९ च्या समितीचे अध्यक्ष. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या चौकशींत, पूर्वीं एकसारखेच मध्यम गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांना देण्यांत आल्या. पुढें एक वर्ष ते दीड वर्षाच्या अंतरानें त्यांच्यापैकीं १४ परीक्षकांकडून त्याच उत्तरपत्रिका पुन्हां तपासून घेतल्या. अशा रीतीनें एकंदर २१० निर्णय दोनदां झाले. आणि त्यांतील ९२ निर्णय, म्हणजे शेंकडा सुमारें ४४, दुसऱ्या खेपेस बदलले. ज्याला नापास ठरविलें होतें तो पास झाला, जो पास होता तो नापास झाला, किंवा कोणाची श्रेणी बदलली. येथें मतभेद दोन परीक्षकांतला नव्हता. एकाच परीक्षकाचें आपल्या स्वतःच्याच आधींच्या निर्णयाशीं एकमत होत नव्हतें.

असें कां व्हावें? परीक्षक अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. सुवाच्य अक्षर मनाला प्रसन्न करतें आणि त्या प्रसन्नतेची सावली मजकुरावर पडते. एका गुणाचें तेज इतर गुणांवर पडल्यासारखें दिसणें, ही मनाची खोड अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनीं १९२० सालीं दाखवून दिली. पहिलें उत्तर उत्तम असलें कीं दुसऱ्यांतील चूक नजरेआड होते. अगदींच सामान्य उत्तरपत्रिकेनंतर बेताची उत्तरपत्रिका हातीं आली तर ती चांगली भासते. शिवाय पांच-सहा प्रश्नांत सबंध वर्षाचा अभ्यास मावत नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण भांड्यांतला सगळा भात सारखा शिजलेला असला तरच. विद्यार्थ्याचें ज्ञान तसें क्वचितच शिजलेलें असतें.

मग निबंधवजा प्रश्न काढूनच टाकावेत काय? पानिपतचें तिसरें युद्ध कोणत्या सालीं झालें, असें विचारून चार साल पुढें ठेवले तर १७६१ वर खूण करणें सोपें आहे, आणि ती खूण तपासण्यांत मतभेदासही जागा नाहीं. परंतु त्या युद्धांत मराठ्यांचा पराभव कां झाला, हें विचारल्यावर विद्यार्थ्याला तुटलेली रसद, उत्तरेंतील मित्रांचा अभाव, लष्कराबरोबरचा बाजारबुणग्यांचा भार, शुजाउद्दौल्याचें अब्दालीस मिळणें, हीं कारणें आठवावीं लागतात. त्यांचा परस्परसंबंध जुळवावा लागतो. आणि कोणतें कारण मुख्य, हें पुराव्यानिशीं ठरवावें लागतें. ही शक्ति खुणेच्या उत्तरांत पुरती उतरत नाहीं. म्हणूनच १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें निबंधवजा परीक्षा रद्द करा असें न म्हणतां, तींतील व्यक्तिनिष्ठा शक्य तितकी कमी करा आणि जोडीला वस्तुनिष्ठ प्रश्न घाला, अशी शिफारस केली.

व्यक्तिनिष्ठा कमी करण्याचे उपाय फारसे खर्चाचे नाहींत. पहिली जबाबदारी प्राश्निकाची. “पानिपतविषयीं माहिती लिहा” या प्रश्नानें प्रत्येकजण वेगळीकडे जातो. “पराभवाचीं तीन कारणें सांगून त्यांतील प्रमुख कोणतें, तें सकारण लिहा” या प्रश्नानें सर्व एकाच वाटेनें चालतात. दुसरा उपाय म्हणजे उत्तरें पाहण्यापूर्वींच गुणांची वांटणी ठरविणें: दहा गुणांपैकीं कारणांना चार, त्यांच्या परस्परसंबंधाला तीन, निर्णयाला दोन आणि मांडणीला एक. तिसरा उपाय, एका विद्यार्थ्याचीं सर्व उत्तरें सलग न तपासतां सर्वांचें पहिलें उत्तर आधीं तपासावें, मग दुसरें. चौथा, विद्यार्थ्याचें नांव झांकलेलें असावें. आणि जेथें दोन गुणांवर वर्ष अवलंबून आहे तेथें दुसऱ्या परीक्षकानें, पहिल्याचे गुण न पाहतां, तीच उत्तरपत्रिका वाचावी.

हा प्रश्न जुन्या पुस्तकांतलाच राहिलेला नाहीं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा कांहीं वर्षें मुख्यतः पर्यायी उत्तरांच्या पद्धतीनें होत असे. ती वर्णनात्मक करण्याचें २०२२ सालीं ठरलें, तेव्हां हा बदल पुढें ढकलावा म्हणून २०२३ च्या आरंभीं पुण्यांत उमेदवारांनीं आंदोलन केलें. आणि नवी पद्धति २०२५ पासून लागू करण्याचें आयोगानें जाहीर केलें. वर्षानुवर्षें खुणा करण्याचा सराव केलेल्या तरुणांना सलग लिहिण्याची धास्ती वाटावी, यांत नवल नाहीं. लेखनाची संवय परीक्षेच्या आदल्या महिन्यांत लागत नाहीं. तिची सुरुवात शाळेंतच व्हावी लागते.

पालकांच्या हातींही यांत थोडें आहे. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, माहितीच्या अधिकाराखालीं परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहतां येते. ती मागवावयाची ती केवळ गुण वाढविण्यासाठीं नव्हे. कोणत्या मुद्द्याला किती गुण मिळाले हें मुलाबरोबर बसून पाहिलें तर पुढच्या लेखनास दिशा मिळते. आणि ५५ व ६२ यांतील अंतर कदाचित् परीक्षकाच्या मनांतलेंही असेल, एवढें ध्यानांत ठेवून घरांत त्या मुलाशीं बोललें गेलें, तर निकालाच्या दिवशींचा पुष्कळसा अन्याय टळेल.