शिक्षा संपली, नोंद उरली

दंड भरून झाला, शिक्षा भोगून झाली, आता ते प्रकरण मिटले, असे घरातले सगळे धरून चालतात. मग सात-आठ वर्षांनी मुलगा सरकारी भरतीत पास होतो, चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात येतो आणि त्यात पूर्वी कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय, असा एक रकाना असतो. त्या रकान्यापाशी घर थांबते. अब्बा म्हणतात, ‘नाही’ लिही. मामू म्हणतात, ओळखीचा एक माणूस आहे, तो पोलिसांच्या दप्तरातून नाव काढून देतो.

या ओळखीच्या माणसापासून आधी दूर राहा. जुनी शिक्षा ठरावीक वर्षांनंतर मिटली असे मानणारा कायदा ब्रिटनमध्ये 1974 पासून आहे. आपल्या देशात प्रौढ माणसासाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. उलट 2022 च्या दंड प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार बोटांचे ठसे, छायाचित्रे वगैरे नोंदी 75 वर्षे जपून ठेवता येतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास त्या नष्ट करायच्या असतात. दोषी ठरलेल्याच्या मात्र राहतात. तेव्हा पैसे घेऊन नाव काढून देतो म्हणणारा फसवतो आहे, एवढे नक्की समजा.

पण नोंद राहणे वेगळे आणि त्या नोंदीने रोजीरोटी अडणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीवर कायद्यात बरेच काही आहे आणि त्यातले सर्वांत मोलाचे कलम निकालाच्या दिवशीच मागायचे असते.

आपल्या वस्त्यांत नेहमी घडते ते असे. गल्लीत भांडण झाले, हाणामारी झाली, पोलीस केस झाली. तीन-चार वर्षे तारखांना जाऊन रोजगार बुडाला. शेवटी कोणीतरी सुचवतो, ‘गुन्हा कबूल करून टाक, दंड भर आणि घरी जा.’ तरुण कबूल करतो, पावती घेऊन हसत बाहेर पडतो. आपण दोषसिद्धी अंगावर घेतली आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा रस्ता जवळपास बंद होतो. फार तर शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढाच मुद्दा उरतो.

त्या दिवशी न्यायाधीशांपुढे ‘अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958’ एवढे शब्द उच्चारले असते तर फरक पडला असता. पहिलाच गुन्हा असेल आणि तो चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर कलम 3 खाली न्यायालय नुसती समज देऊन सोडू शकते. कलम 4 त्याहून रुंद आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुदतीवर, सोडता येते. आरोपी 21 वर्षांच्या आतला असेल तर कलम 6 न्यायालयालाच बांधून घालते: परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि तुरुंगात पाठवायचेच असेल तर कारणे लिहायची. अमली पदार्थांच्या कायद्यासारख्या काही कायद्यांत ही सवलत बहुतांशी नाही, हेही लक्षात ठेवावे.

यातले कलम 12 घरातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. कलम 3 किंवा 4 खाली सुटलेल्या माणसाला, दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही, असे ते सांगते. दोषसिद्धी पुसली जात नाही, पण तिच्या शेपटाला बांधलेली अपात्रता गळून पडते. मालकाला किंवा खात्याला मूळ वर्तनाबद्दल कारवाई करण्याची मुभा राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे हे कलम ढाल आहे, पण पूर्ण अंग झाकणारी नाही.

तरीही ढाल किती उपयोगी पडते, याचे एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. दिल्लीच्या सरकारी दूध योजनेत एक रोख कारकून होता. घरावर वर्षभर एकामागून एक आपत्ती आल्या आणि त्याने 500 रुपये वेळेवर भरले नाहीत. पुढे रक्कम भरली, न्यायालयात गुन्हाही कबूल केला. दंडाधिकाऱ्यांनी त्याची परिस्थिती ओळखून त्याला परिवीक्षेवर सोडले. खात्याने मात्र 1964 मध्ये नोकरीवरून काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1985 मध्ये निकाल लागला: कलम 12 मुळे खात्याचा अधिकार जात नाही, पण तो अधिकार न्यायाने वापरायला हवा, आणि अशा माणसाला सरळ बडतर्फ करणे न्यायाचे नाही. नोकरी परत, मागचा पगारही परत. 500 रुपयांसाठी एकवीस वर्षे गेली, हा भाग वेगळा. (कारकुनाचे नाव निकालात आहे. ते इथे पुन्हा छापणे या लेखाच्या विषयालाच धरून होणार नाही.)

निकालाच्या वेळी परिवीक्षा मागायची राहून गेली असेल तरी अपील किंवा पुनरीक्षण ऐकणारे न्यायालय ती देऊ शकते. आणि परिवीक्षा देण्याजोगे प्रकरण असूनही दिली नाही, तर न्यायालयाने विशेष कारणे नोंदवायची असतात. पूर्वीच्या फौजदारी संहितेत हे कलम 361 होते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 402 आहे. निकालपत्रात अशी कारणे नसतील तर वकिलाला तेच आधी दाखवा. अपिलाची मुदत सत्र न्यायालयात 30 दिवसांची असते. ती उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, मात्र उशिराचे कारण खरे आणि पुराव्यासह द्यावे लागते.

मारहाण, फसवणूक, चेक न वटणे अशा प्रकरणांत आणखी एक वाट आहे. फिर्यादीशी रीतसर तडजोड झाली आणि न्यायालयाने मान्य केली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटण्याचाच होतो. खालच्या कोर्टात शिक्षा झाल्यावरही, अपील चालू असताना न्यायालयाच्या परवानगीने हे करता येते. छोट्या दुकानदारांवर चेकचे खटले किती असतात ते आपण पाहतोच. रक्कम देणारच असाल तर अपील पडण्याआधी द्या. जो गुन्हा कायद्याने तडजोडीत बसत नाही पण दोन माणसांतलाच आहे, गंभीर स्वरूपाचा नाही, त्यातही उच्च न्यायालय शिक्षेनंतर प्रकरण रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले आहे. फिर्यादीवर दबाव आणून सही घेतली तर मात्र उलटे गळ्यात येते.

आता अठरा वर्षांखालच्या मुलांचे. इथे कायदा खरोखर उदार आहे आणि इथेच आपण सर्वांत कमी फायदा घेतो. बाल न्याय कायदा, 2015 चे कलम 24 सांगते की या कायद्याखाली ज्याचे प्रकरण हाताळले गेले, त्या मुलाला दोषसिद्धीची कोणतीही अपात्रता लागणार नाही. मंडळाने नोंदी नष्ट करण्याचे आदेशही द्यायचे असतात. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत त्यासाठी सात वर्षांची कमाल मर्यादा आहे. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, भयंकर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा.

अडचण अशी होते की अटकेच्या वेळी वय अंदाजाने ‘19 वर्षे’ लिहिले जाते आणि खटला प्रौढांच्या कोर्टात चालतो. घरात शाळेचा दाखला पेटीत पडून असतो. गुन्ह्याच्या दिवशी आपण अठराच्या आत होतो, हा मुद्दा कलम 9 नुसार कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही, मांडता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. तुमच्या घरातल्या कोणाला सतराव्या वर्षी शिक्षा झाली असेल, तर आजच ती पेटी उघडा.

पासपोर्टबद्दल भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांची चूल आखातातल्या नोकरीवर चालते, तिथे आणि हज-उमऱ्याच्या तयारीतल्या घरांतही हा प्रश्न येतो. पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 नुसार शिक्षा आड येते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, किमान दोन वर्षांची कैद झाली असेल आणि अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतली असेल तर. दंडाची जुनी पावती या व्याख्येत बसत नाही. खटला चालू असेल तर त्या न्यायालयाची परवानगी आणून मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. माहिती लपवणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. जुन्या हजार रुपयांच्या दंडापायी हा नवा गुन्हा कशाला ओढवून घ्यायचा? परदेशी व्हिसाचे नियम मात्र त्या त्या देशाचे. तिथे आपला कायदा चालत नाही.

आणि तो फॉर्मचा रकाना? 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याच प्रश्नावर सविस्तर निकाल दिला. माहिती खरी द्यावी. खरी दिल्यानंतरही मालकाला उमेदवाराचा पूर्वेतिहास पाहण्याचा हक्क आहे. पण कोवळ्या वयात घोषणा दिल्या किंवा किरकोळ गुन्हा घडला, अशा बाबतीत मालक ती चूक नजरेआड करू शकतो. आणि जे फॉर्ममध्ये विचारलेलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. म्हणून प्रश्न शब्द न् शब्द वाचा. ‘अटक झाली होती काय’, ‘खटला चालू आहे काय’ आणि ‘शिक्षा झाली काय’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. रकान्यात ‘होय’ लिहून सोबत निकालाची प्रमाणित नक्कल, दंडाची पावती, परिवीक्षेचा आदेश असेल तर तो, आणि तेव्हाचे वय दाखवणारा कागद जोडावा.

निकालाची नक्कल हरवली असेल तर ज्या कोर्टात खटला चालला तिथल्या नक्कल विभागात केस नंबर आणि वर्ष देऊन अर्ज करावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना तिथे मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर अनेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोनवर विचारायचे असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन 15100.