हिशेबयंत्राचा हिशेब

पेढीवर संगणक आला की वर्षाअखेर एक प्रश्न हटकून निघतो: पैसे घातले, त्याचा उपयोग किती झाला? रोजमेळ लवकर मिळतो, खतावणीत बेरीज चुकत नाही, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

व्यापारी पेढीने स्वतःच्या कामासाठी संगणक बांधल्याचे आद्य उदाहरण लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीचे होय. चहाची उपाहारगृहे व बेकरी चालविणाऱ्या या पेढीने ‘लिओ’ नावाचे यंत्र बांधून नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम त्याजवर सोपविले. पुढे पगारपत्रकही आले. एका नोकराच्या पगाराच्या ज्या हिशेबास सराईत कारकुनाला ८ मिनिटे लागत, तो यंत्र १.५ सेकंदात करी. आकडा विस्मयकारक खरा; परंतु त्याने मोजली ती केवळ कारकुनाची मेहनत.

खरा लाभ १९५४ मध्ये सुरू झालेल्या उपाहारगृहांच्या मागणीच्या कामात दिसतो. प्रत्येक दुकानाची वारवार ठरलेली मागणी यंत्राजवळ असे. व्यवस्थापिका दूरध्वनीवरून फक्त फरक कळवी. खाद्यपदार्थ नाशवंत, अधिक आला तर शिळा उरतो, कमी आला तर गिऱ्हाईक परत जाते. येथे मोजावयाचे ते हेच दोन तोटे.

डीलोन आणि मॅक्लीन या अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ मध्ये अशा यंत्रणेच्या यशाची सहा अंगे सांगितली: यंत्रणेचा दर्जा, माहितीचा दर्जा, वापर, वापरणाऱ्याचे समाधान, व्यक्तीवरील परिणाम आणि संस्थेवरील परिणाम. २००३ मध्ये त्यांनी सेवेचा दर्जा जोडला व परिणामांची दोन्ही अंगे ‘निव्वळ लाभ’ या एका सदरात घातली. यांपैकी ‘वापर’ हे अंग आपणांस फसवे आहे. २०१७ पासून जीएसटीमुळे विवरणपत्रे संगणकावरूनच भरावी लागतात; सक्तीच्या वापरावरून उपयुक्तता कशी ठरावी?

आमच्या एका स्नेह्यांच्या पेढीत यंत्र तूरडाळीची ४० पोती दाखवी. गोदामात निघाली ३१. परत पाठविलेल्या मालाची नोंदच होत नव्हती. साहजिकच मालक यंत्र बाजूला ठेवून गुमास्त्यालाच विचारीत. त्यांनी मग तीन गोष्टी टिपण्यास आरंभ केला: यंत्र व गोदाम यांतील तफावत, उधारी वसुलीस लागणारे दिवस आणि माल पडून राहण्याचा काळ. तुलना मात्र दिवाळीची दिवाळीशीच, आषाढाशी नव्हे. आणि भाववाढीने झालेला नफा यंत्राच्या खाती जमा धरावयाचा नाही.

यंत्र तेच आहे. परतीची नोंद आता गोदामाच्या दारातच होते, आणि दर शनिवारी मालक स्वतः पोती मोजून तफावत लाल शाईने वहीत लिहितात.