गार पडते बागेत, घाटा येतो पेठेत

गारपिटीची बातमी आली की शहरातला व्यापारी ती शेतकऱ्याची बातमी समजून पान उलटतो. पण नाशिक, सांगली, सोलापूरकडचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतो, तिथून मंडईत येतो आणि सदाशिव पेठेतल्या हातगाडीवर व रसाच्या दुकानात पोचतो. बागेत पडलेल्या गारेचा फटका या साखळीतल्या प्रत्येकाला बसतो. फळांच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या असलेल्या आपल्या बागवान बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट होत राहिली. २८ जिल्ह्यांना तिचा तडाखा बसला. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे, डाळिंब, काहीच वाचले नाही. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा अवकाळी पाऊस व गारा आल्या, त्याही रमजान तोंडावर असताना. त्या वर्षी आपल्याकडे पहिला रोजा २४ मार्चला होता. इफ्तारच्या फळांसाठी ज्यांनी माल बोलून ठेवला होता, त्यांची त्या आठवड्यात झोप उडाली असणार.

गार लागलेले द्राक्ष लगेच सडत नाही. मणी तडकतो, दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि वरून चांगली दिसणारी पेटी आतून जाते. डाळिंबाच्या सालीवर डाग पडतो, मग ते रसाच्या भावाने विकावे लागते. म्हणून गारपिटीनंतरच्या आठवड्यात पेटी उघडून, तळापर्यंत पाहूनच माल घ्यावा.

गार कशी बनते, कशी ओळखतात

फेब्रुवारी ते मे या काळात जमीन तापते. समुद्रावरून दमट वारा आला आणि वर थंड, कोरडी हवा असली की ढग झपाट्याने उंच चढतो. त्यातला वरती जाणारा जोरदार वारा पाण्याचे थेंब शून्य अंशाखालच्या थरात नेतो. तिथे बर्फावर थर चढत जातात. गार कापली तर कांद्यासारख्या पाकळ्या दिसतात त्या याच. वाऱ्याला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते.

गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एका गावाची बाग झोडपली जाते आणि शेजारच्या गावात थेंबही पडत नाही. म्हणूनच कोणत्या गावात गार पडेल हे चार दिवस आधी सांगता येत नाही.

हा माग काढणारे एक मोठे कार्यालय सदाशिव पेठेपासून नदीपलीकडेच आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्यात शिवाजीनगरला आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण लोकांच्या तोंडी आजही ते ‘सिमला ऑफिस’च आहे. खात्याचे इशारे दोन प्रकारचे असतात. जिल्ह्याचा इशारा काही दिवस आधी मिळतो. त्यात पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. दुसरा इशारा रडारवर ढग पाहून पुढच्या तीन तासांसाठी दिला जातो. दोन्ही इशारे खात्याच्या ‘मौसम’ या मोबाईल ॲपवर मोफत मिळतात.

पिवळा इशारा दिसला की बागेतल्या माणसाला फोन करून तयार माल आधी तोडायला सांगावा. नारंगीला गाडीची ताडपत्री आणि दुकानाचा पत्रा तपासावा. तीन तासांचा इशारा आला की हातगाडी आडोशाला न्यावी. कारागिरांनी पॉलिश केलेले लाकूड व रंगवलेले काम आत घ्यावे. झाडाखाली थांबू नये, कारण गारेबरोबर वीजही असते.

करार आणि कागद

बाग फुलोऱ्यात असतानाच उचल देऊन सौदा करण्याची चाल आहे. फळ धरण्याआधीचा सौदा शरीअतने मना केला आहे तो याच कारणाने: फळ आलेच नाही तर पैसे कशाचे घ्यायचे? सौदा फळ दिसल्यावर करावा आणि नुकसान कोणी सोसायचे ते कागदावर लिहावे. हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचे जादा संरक्षण मिळते, पण भरपाई बाग पिकवणाऱ्याच्या नावावर येते, माल बोलून ठेवणाऱ्याच्या नाही. हे ध्यानात ठेवूनच उचल किती द्यायची ते ठरवावे.

दुकानाचा विमा असेल तर ‘वादळ’ या शब्दात गारपीट धरली आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

आपत्ती निवारण निधीच्या यादीत गारपीट आहे. त्या निधीच्या नियमांत हस्तकला व हातमाग कारागिरांची अवजारे, कच्चा माल आणि तयार माल यांच्या नुकसानीसाठीही मदतीची तरतूद केलेली आहे. रक्कम मोठी नसते आणि सरकारी दाखल्याशिवाय मिळत नाही. तरीही पुष्कळ कारागीर अर्जच करत नाहीत. नुकसान झाले त्याच दिवशी फोटो काढावेत, खरेदीची बिले जवळ ठेवावीत, तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पंचनामा होईपर्यंत मोडका माल फेकू नये.

गार थांबवणे कोणाच्या हातात नाही. पण तीन तास आधी ताडपत्री ओढणे आणि तीन महिने आधी कागद नीट करणे, हे आपल्याच हातात आहे.